करोल बागेत अडकलेलं पुरणयंत्र

मित्रांनो, गेल्या काही वर्षांत मला बरीच नावं मिळाली. भंगारवाल्यानं मला नुसतं 'पितळ' म्हटलं. एका दुकानदारानं 'सेवई मशीन' म्हटलं. एका सजावटकारानं तर मला उलटं धरलं, माझ्या पोटात डोकावून पाहिलं आणि 'मस्त लॅम्प होईल' असं म्हटलं. तुमचाही गोंधळ होऊ नये म्हणून माझं खरं नाव मीच सांगते. मी एक जुनं पुरणयंत्र आहे.

तुमच्या घरी कदाचित मी नसेन, म्हणून थोडं समजावून सांगते. मी म्हणजे तीन पायांवर उभं असलेलं एक खोलगट पितळी भांडं. तळाला भोकाभोकांची चकती, तिच्यावर फिरणारं पातं आणि ते फिरवायला लाकडी मुठीचा दांडा. शिजवून गुळात आटवलेली हरभऱ्याची डाळ गरम असतानाच माझ्यात घालायची आणि दांडा फिरवायचा. खाली परातीत पुरण पडतं. एवढंच माझं काम. पण ते मी मन लावून केलं.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. तिथं दिवसभर ठोक्यांचा आवाज असे. एका कारागिरानं पितळेचा पत्रा तापवला, ठोकला, पुन्हा तापवला, पुन्हा ठोकला, तेव्हा कुठं मला गोलाई आली. ते ठोके अजून माझ्या अंगावर आहेत. बाहेरून हात फिरवलात तर बोटांना लागतील.

दुकानातून मला भानुमतीबाई देवस्थळींनी घेतलं. त्यांचे यजमान नरसिंहराव केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि त्यांची दिल्लीला बदली झाली होती. सामान आधीच फार झालं होतं.

"अहो, दिल्ली म्हणजे राजधानी. तिथं काय मिळत नाही?" नरसिंहराव म्हणाले.

"सगळं मिळेल. हे मिळणार नाही," भानुमतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला दोन रजयांच्या मध्ये बांधलं. झेलम एक्सप्रेसनं मी दिल्लीला आले.

नेताजीनगरच्या सरकारी वसाहतीत त्यांना घर मिळालं. पिवळट भिंतींच्या बुटक्या इमारती, मध्ये हिरवळ आणि कडेला कडुनिंब. थंडीत दुपारी सगळ्या बायका उन्हात चटया टाकून मटार सोलायच्या. पुरुष ऑफिसातून आले की स्वेटर न काढताच गच्चीवर चढून टीव्हीचा अँटेना फिरवायचे. त्या वसाहतीत मराठी घरं विखुरलेली होती. कुणी नागपूरचं, कुणी सोलापूरचं, कुणी नगरचं. एरवी आपापल्या कामात असलेली ती घरं होळी आली की एकमेकांची दारं वाजवू लागायची, आणि त्याचं कारण मी होते. कारण त्या साऱ्या वसाहतीत पुरणयंत्र एकच होतं.

"भानुमती, यंत्र रिकामं झालं का? माझी डाळ कधीची शिजलीय!" नगरच्या सुमित्रा साळवे दारातूनच ओरडायच्या.

"अगं, ते पाटणकरांकडे गेलंय. ये, तोवर चहा घे."

"चहा नको. डाळ गार झाली तर तुझं यंत्र कुरकुरतं, मग मलाच बोलशील."

मी कुरकुरायचे, हे मात्र खरं. गार डाळ मला कधीच आवडली नाही.

सुमित्राबाई ख्रिस्ती होत्या. होळीला त्या शेजारधर्म म्हणून पोळ्या करायच्या आणि नाताळात खजुराचं सारण करायला मला हक्कानं घेऊन जायच्या. त्यामुळे वर्षातून दोनदा माझा सण असे. मला इकडून तिकडे न्यायचं काम मुलांचं. पिशवीचा एक बंद एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे, मध्ये मी हेलकावे खात हिरवळीवरून जायचे. पात्याला चिकटलेलं पुरण कुणी खायचं यावरून दर वेळी भांडण. शेजारचे पंजाबी मल्होत्रा साहेब तर पोळी खाऊन म्हणायचे, "भाभीजी, ये मीठा परांठा साल में एक बार क्यों? हर संडे बनाइए." भानुमतीबाई हसायच्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "मेरा नहीं, इसका कमाल है."

ते शब्द मी अजून विसरलेले नाही.

नरसिंहराव निवृत्त झाले आणि नाशिकला परतायचं ठरलं. भानुमतीबाईंनी मला चिंचेनं घासलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. मला वाटलं, आता पुन्हा रजयांमध्ये बांधतील. पण त्या मला घेऊन सुमित्राबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"हे इथंच राहू दे. मी नाशकात दुसरं घेईन. इथं हे नसलं तर तुम्ही काय करणार?"

सुमित्राबाईंनी मला पोटाशी धरलं. त्या दिवसापासून मी एका घराची राहिले नाही, साऱ्या वसाहतीची झाले.

पण मित्रांनो, वसाहतीतली माणसं कायमची नसतात. एकेक घर निवृत्त होऊन गावी जाऊ लागलं. उरलेल्यांकडे मिक्सर आले. मग दुकानात तयार पोळ्या मिळू लागल्या. एका होळीला मला कुणीच न्यायला आलं नाही. सुमित्राबाईंनी मला खाली काढलं, पुसलं, थोडा वेळ ओट्यावर ठेवलं आणि पुन्हा माळ्यावर ठेवून दिलं. पुढं त्यांचे गुडघे दुखू लागले आणि त्या मुलाकडे बंगळुरूला गेल्या. जाण्याआधी त्यांनी मला कुणाला द्यावं म्हणून खूप विचारलं. पण मला ओळखणारं घरच उरलं नव्हतं. माळ्यावर मी तशीच राहिले. माझ्या चकतीच्या भोकांत कोळ्यानं जाळं विणलं.

नंतर ती जुनी वसाहत पाडायचं ठरलं. घरं रिकामी झाली. शेवटची झाडलोट करणाऱ्यांनी मला खाली काढलं आणि मी भंगाराच्या पोत्यात पडले. गंजलेल्या कुलरच्या जाळ्या, नळाच्या तोट्या आणि मी. तिथून कुणी मला करोल बागेत विकलं.

करोल बागेत सुजय नावाच्या तरुणाचं गाडीच्या सीट कव्हरचं दुकान होतं. खाली कव्हरं आणि वर पोटमाळ्यावर जुन्या वस्तू. त्या वस्तूंचे फोटो काढून तो एका साइटवर लिलावाला लावायचा. पूर्वी लिलावात माणसं एकत्र जमून बोली बोलायची. आता कुणी गुरुग्रामच्या विसाव्या मजल्यावरून, तर कुणी कोचीहून फोनवर बोली लावतं. मुदत संपते तेव्हा ज्याची बोली सर्वांत वर, वस्तू त्याची. पैसे आधी साइटकडे भरायचे आणि मग विक्रेत्यानं वस्तू पाठवायची; ती मिळाली असं घेणाऱ्यानं कळवलं की साइट पैसे विक्रेत्याला सोडते. सगळा व्यवहार त्या 'मग'वरच्या विश्वासावर चालतो.

सुजयची बायको सृष्टी वस्तू घासूनपुसून खोक्यात बांधायची. तिनं मला लिंबू लावून लख्ख केलं. सुजयनं फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'पुरानी पीतल की सेवई मशीन.' मला फार वाईट वाटलं. पण ओरडणार कशी?

शेवया करणारी माणसं फोटो पाहून पुढं गेली, कारण शेवया माझ्यातून होत नाहीत हे त्यांना दिसत होतं. पितळेची हौस असलेल्या दोघातिघांनी बोली लावली. शेवटी गुरुग्रामच्या गुणवंत सोनटक्के नावाच्या गृहस्थांनी मला जिंकलं. पैसे भरले गेले. सृष्टीनं मला कागदात गुंडाळून खोक्यात बसवलं, वर पत्ता लिहिला. पेटीच्या अंधारातसुद्धा मला आनंद झाला. सोनटक्के! मराठी घर!

पण सुजयचं तोंड उतरलं होतं. "बस? इतने में ही गई?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अनिश नावाचा सजावटकार दुकानात आला. तो हॉटेलं सजवायचा आणि त्यासाठी जुनं पितळ शोधत फिरायचा. सुजयनं खोकं उघडून मला त्याच्या हातात दिलं.

"नीचे ये प्लेट निकाल देंगे, साइड में एक छेद, अंदर बल्ब. मस्त लगेगा," अनिश म्हणाला आणि त्यानं दुप्पट किंमत सांगितली. मला न्यायला पुढच्या महिन्यात येतो म्हणाला.

"लेकिन ये तो बिक चुकी है," सृष्टी म्हणाली.

"मैं देख लूँगा," सुजय म्हणाला. त्यानं मला फळीवर ठेवलं. साइटवर मात्र 'पाठवलं' असं लिहून दुसऱ्याच कुठल्या तरी पार्सलचा नंबर टाकला.

काही दिवस गेले आणि फोन आला. सुजय काम करताना फोन स्पीकरवर ठेवायचा, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"नमस्ते जी. मैं गुरुग्राम से गुणवंत सोनटक्के बोल रहा हूँ. मेरी वो पीतल की मशीन..."

"अंकलजी, रास्ते में है. एक-दो दिन रुकिए."

पुन्हा फोन. "अंकलजी, कूरियरवालों की गलती है." पुन्हा फोन. तेव्हा सुजयनं वेगळीच गोष्ट काढली.

"अंकलजी, ऐसा कीजिए. साइट पर 'मिल गया' का बटन दबा दीजिए. मेरा पेमेंट खुल जाएगा, मैं उसी दिन खुद भेज दूँगा."

पलीकडून एका मुलीचा आवाज आला, "बाबा, बिल्कुल नाही! बटन दाबलं की आपली तक्रारच संपली."

आणि मग गुणवंतरावांचा शांत आवाज. "बेटा, जो आया नहीं, उसे आया कैसे लिखूँ?"

सुजयनं फोन ठेवला. त्या दिवसापासून त्यानं त्यांचे फोन घेणं बंद केलं. मी फळीवर उभी होते आणि तो फोन थरथरत राहायचा. मित्रांनो, ज्याच्या घरी जायचं त्याची हाक ऐकू येते आणि जाता येत नाही, यापेक्षा मोठं दुःख वस्तूच्या वाट्याला येत नसेल.

गुरुग्रामच्या त्या घरात तेव्हा काय चाललं होतं, हे मला खूप नंतर कळलं. पण ते इथंच सांगते.

गुणवंतराव सोनटक्के एका मंत्रालयात लघुलेखक होते. आयुष्यभर त्यांनी साहेबांची पत्रं टाइप केली. त्यांच्या पत्नी उल्काताई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्याआधी गुणवंतरावांना चहापलीकडे काही येत नव्हतं. मग ते एकेक पदार्थ शिकले. भात, आमटी, पोळ्या. त्यांची मुलगी क्षिप्रा गुरुग्राममध्येच नोकरी करते आणि त्यांच्यासोबत राहते. ती ऑफिसातून आली की तिच्यापुढं ताट यायचं आणि बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. गेल्या होळीला त्यांनी मिक्सरवर पुरण केलं. ते इतकं चिकट झालं की लाटण्यालाच लटकलं.

"चव सुपर आहे बाबा," क्षिप्रा म्हणाली, "पण हे पुरण कमी आणि फेव्हिकॉल जास्त आहे यार."

दोघं खूप हसले. मग गुणवंतराव खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ तिकडेच राहिले. म्हणून यंदा फोनवर माझा फोटो दिसला तेव्हा ते जागेवरून उठलेच.

"अगं, हे पुरणयंत्र आहे! ह्या लोकांना कळलंच नाही, आपण काय विकतोय ते."

"म्हणजे? सेवई मशीनच आहे ना?" क्षिप्रानं विचारलं. ती दिल्लीत वाढली होती. तिनं हा शब्दच ऐकला नव्हता.

मी काही त्यांच्या घरातून हरवलेलं यंत्र नव्हते. उल्काताईंचा हात मला कधी लागला नव्हता. पण तसंच एक त्यांच्या माहेरी होतं, एवढं गुणवंतरावांना पुरलं.

आणि मी आले नाही.

"छोड़ो ना बाबा. नवीन स्टीलचं मागवते मी," क्षिप्रा म्हणाली.

गुणवंतराव म्हणाले, "क्षिप्रा, खालच्या नायरसाहेबांना सांगू नकोस हं. म्हणतील, इतकी वर्षं सरकारात काढली आणि एका पोरानं ह्याला फोनवर गंडवलं."

क्षिप्रानं तेव्हा त्यांच्याकडे पाहिलं. आपल्या बाबांना राग आलेला नाही, लाज वाटते आहे, हे तिच्या लक्षात आलं. तिनं लॅपटॉप त्यांच्यासमोर आणून ठेवला.

"बाबा, लाज त्याला वाटायला हवी. तुम्ही लिहा. मी कुठं काय पाठवायचं ते बघते."

मग त्या दोघांनी कामाला सुरुवात केली. क्षिप्रानं आधी साइटवरच्या माझ्या पानाचे, पैसे भरल्याच्या पावतीचे आणि सुजयच्या सगळ्या निरोपांचे फोटो काढून ठेवले, कारण विक्रेता ते पान कधीही पुसू शकतो. गुणवंतरावांनी ठरवलं की आता फोन नाही, जे बोलायचं ते साइटच्या निरोपांतच लिहून, म्हणजे पुरावा राहील. त्यांनी सुजयला शेवटचा एक निरोप लिहिला. अमुक तारखेपर्यंत वस्तू पाठवावी, अन्यथा तक्रार करीन. त्यात एकही वाकडा शब्द नव्हता. सुजयनं उलट एक लिंक पाठवली, 'इसमें थोड़ा डिलिवरी चार्ज भर दीजिए.' क्षिप्रानं ती उघडलीसुद्धा नाही. साइटच्या बाहेर एक पैसा द्यायचा नाही, असं तिनं बजावलं. ती तारीख गेली, तशी त्यांनी साइटकडे 'वस्तू मिळाली नाही' अशी तक्रार नोंदवली. तिलाही मुदत असते आणि ती संपायच्या आत नोंदवावी लागते.

साइटचं उत्तर आलं: आमच्या नोंदीनुसार पार्सल पोहोचलं आहे, तक्रार बंद करत आहोत.

"झालं, संपलं," क्षिप्रा म्हणाली. ती रडवेली झाली होती.

"संपलं कसं? फाइल परत आली की आम्ही काय घरी जायचो का?" गुणवंतराव म्हणाले. "पुन्हा टिपणी लिहायची आणि वर पाठवायची."

ते कुरियरच्या ऑफिसात गेले आणि त्या नंबराचं पार्सल कुठं पोहोचलं ते विचारलं. ते जयपूरला पोहोचलं होतं. तसं त्यांनी कागदावर लिहून घेतलं, शिक्का मारून घेतला आणि तक्रार पुन्हा उघडायला लावली. पैसे कार्डावरून भरले होते, म्हणून बँकेलाही कळवलं. एकोणीसशे पंधरा या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही फोन करून तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. तेवढ्यानंच गुणवंतरावांना धीर आला. त्या संध्याकाळी ते स्वतःहून खाली नायरसाहेबांकडे गेले आणि सगळी हकीकत सांगून आले. नायरसाहेब म्हणाले, "सर, मेरे साथ भी हुआ था. मैंने किसी को बताया नहीं."

इकडे करोल बागेत एके दुपारी सुजय कपाळाला हात लावून बसला.

"साइट ने मेरा पूरा खाता रोक दिया. बाकी सबका पेमेंट भी अटक गया!"

"तो भेज देते. मैंने तो डिब्बा भी बना दिया था," सृष्टी म्हणाली. तिच्या हातात फोन होता आणि ती गुणवंतरावांचे निरोप वाचत होती. "देखो, इतना सब लिखा है. एक जगह भी गाली नहीं."

सुजयनं फोनकडे न बघता सीट कव्हरांच्या घड्या घालायला घेतल्या.

शेवटी साइटनं निकाल दिला. गुणवंतरावांचे पैसे त्यांना परत मिळाले. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, झालं की सगळं छान. पण माझा विचार करा. पैसे परत गेले, म्हणजे माझ्यावरचा त्यांचा हक्कही गेला. आता मी पुन्हा सुजयची होते, आणि अनिश मला न्यायला येणार होता. माझी चकती काढून टाकणार होता. चकतीशिवाय पुरणयंत्र म्हणजे काय उरतं?

त्याच शनिवारी जिन्यात पावलं वाजली. मला वाटलं, अनिश आला. पण वर आले ते एक पांढऱ्या केसांचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ आणि त्यांच्यामागं एक तरुण मुलगी.

"नमस्ते. मैं सोनटक्के. फोन आपने उठाया नहीं, तो दुकान का पता देखकर चला आया."

सुजय दचकून उभा राहिला. "अंकलजी, पैसे तो आपको मिल गए ना?"

"मिल गए. लेकिन मुझे पैसे नहीं चाहिए थे, मशीन चाहिए थी. है अभी?"

सृष्टीनं मला खाली काढून त्यांच्यासमोर ठेवलं. गुणवंतरावांनी चष्मा सारखा केला. मूठ धरून दांडा हळूच फिरवला. किती वर्षांनी कुणीतरी मला धरायचं तसं धरलं होतं! मी रिकाम्या पोटी फिरले आणि करकर वाजले.

"यह चीज़ है क्या, अंकलजी?" सुजयनं विचारलं.

"पूरन की मशीन. होली पर मीठी रोटी बनती है हमारे यहाँ, उसका पूरन इसमें से निकलता है. मेरी पत्नी बनाती थीं. अब मैं सीख रहा हूँ."

सुजय घटकाभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "अंकलजी, आप ले जाइए. पैसे भी मत दीजिए. बस साइट पर लिख दीजिए कि गलतफहमी थी. मेरे खाते से दाग़ हट जाएगा."

क्षिप्रा बाबांच्या कानाशी वाकली. "बाबा, घेऊन टाका ना यार. काम झालं आपलं."

गुणवंतरावांचा हात माझ्या मुठीवर होता. तो तसाच थांबला. मी मनात म्हणत होते, हो म्हणा, लिहा, न्या मला.

"गैरसमज नव्हता गं," ते क्षिप्राला म्हणाले. "आज मी तसं लिहिलं, तर उद्या दुसऱ्या कुणाची तक्रार खरी कोण मानेल?" मग ते सुजयकडे वळले. "बेटा, जितने में बोली लगी थी, उतने देकर ले जाऊँगा. मगर झूठ नहीं लिखूँगा."

"फिर रहने दीजिए," सुजय म्हणाला.

त्यांनी माझी मूठ सोडली. दोघं जिना उतरू लागले. मी त्यांची पावलं ऐकत होते. आणि तेवढ्यात सृष्टीनं मला उचललं.

"अनिश को मैं फोन कर दूँगी," ती सुजयला म्हणाली आणि त्याच्या उत्तराची वाट न पाहता धावत खाली आली. दुकानासमोर गर्दी होती, ऑटोवाले हॉर्न वाजवत होते. "अंकलजी! रुकिए! बोली के ही पैसे दे दीजिए. शिकायत जैसी है, वैसी रहने दीजिए."

गुणवंतरावांनी तिथंच उभं राहून पैसे दिले. "मैं इतना ज़रूर लिखूँगा कि बाद में आपने हाथ में दे दी. यह भी सच है," ते म्हणाले. वर पोटमाळ्याच्या खिडकीत सुजय उभा होता. तो रागावला होता की त्याला सुटल्यासारखं वाटत होतं, मला कळलं नाही. त्याचं पुढं काय झालं, तेही मला माहीत नाही.

मेट्रोच्या तपासणी यंत्रातून मी गेले तेव्हा पहारेकऱ्यानं मला थांबवलं. "मैडम, यह क्या है?"

"पुरणयंत्र," क्षिप्रा खणखणीत आवाजात म्हणाली. त्याला काही कळलं नसावं, पण त्यानं मान हलवून सोडलं. गुणवंतराव राजीव चौक येईपर्यंत हसत होते.

जुन्या गुरुग्रामच्या बाजारात शोधून शोधून एक कल्हईवाला सापडला. त्यानं माझं पोट पुन्हा चांदीसारखं केलं. मग होळी आली.

मित्रांनो, मला तुम्हाला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. वस्तू घेताना पैसे देऊन फसलात तर लाजून गप्प बसू नका. पुरावे जपा, मुदत चुकवू नका, न मिळालेलं मिळालं म्हणू नका आणि शांतपणे पुन्हा पुन्हा लिहीत राहा. आणि विकणारे असाल, तर खोक्यावर नाव घातलेली वस्तू अडवून ठेवू नका. कुणीतरी तिची वाट पाहत असतं, आणि खरं सांगू, आत बसलेली वस्तूसुद्धा वाट पाहत असते. घरात जुनं काही असेल तर त्याला कपाटात बसवू नका. त्याला कामाला लावा. आम्हाला शोभेचा कंटाळा येतो.

होळीच्या दिवशी सकाळी गुरुग्रामच्या त्या उंच घरात डाळीचा वास भरला होता. गुणवंतरावांनी वाफाळती डाळ माझ्यात ओतली. क्षिप्रानं ओढणी कमरेला खोचली आणि माझी मूठ धरली. थोडं पुरण पडलं आणि दांडा अडकला. तिनं जोर लावला, तरी हलेना.

"बाबा, जाम झालं! तुटेल का हे?"

"तुटत नाही. जोर नको लावू," कणीक मळता मळता गुणवंतराव म्हणाले. "जरा उलटं फिरव. अडकलेलं सुटतं. मग पुन्हा सरळ."

तिनं मला उलटं फिरवलं, मग सरळ. आणि परातीत सोनेरी पुरण पडू लागलं.